सैनिकाने मागू नये, मग कुणी?

2015 च्या जूनमध्ये माजी सैनिक ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले, तेव्हा त्यांच्याविषयी मनापासून आदर असणाऱ्यांपैकीही काहींना ते खटकले. छातीवर पदके आणि हातात मागणीचा फलक, हे त्यांना जुळेना. या अस्वस्थतेच्या मुळाशी गीतेचा एक सोयीस्कर अर्थ आहे. अधिकार कर्माचा, फळाचा नव्हे. सैनिकाचे कर्म तर प्राणावर उदार होऊन केलेले. मग त्याने फळ मागितले की त्या कर्माचे तेज उतरते. हा अर्थ चुकीच्या माणसाला लावला जातो, असे माझे मत आहे. फळाची आसक्ती सोडणे हे कर्म करणाऱ्याचे व्रत. ज्याच्यासाठी ते कर्म झाले, त्याचे देणे त्या व्रताने फिटत नाही. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या टिळकांनीच त्याआधी, 1896 च्या दुष्काळात, फॅमिन कोडाने दिलेले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले होते आणि ते मागायला त्यांना उभे केले होते. कर्मयोग आणि हक्काची मागणी यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

महाभारतकारांनाही वाटली नाही. सभापर्वात नारद युधिष्ठिराकडे येतात आणि राज्यकारभाराविषयी प्रश्नांची सरबत्ती करतात. त्यात दोन प्रश्न असे: सैन्याचा शिधा आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, लांबवत तर नाहीस? आणि तुझ्यापायी जे मेले किंवा संकटात पडले, त्यांच्या बायकांना पोसतोस ना? विचारणारा सैनिक नाही, सैनिकाची विधवाही नाही; त्या वेतनातली कवडीही ज्याच्या हाती पडणार नाही, असा मुनी आहे. आणि उत्तर द्यायचे आहे खुद्द धर्मराजाला. राजाची नियत चांगली आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, असे नारदांना वाटत नाही. कौटिल्य तर भावनेच्या वाटेला फारसा जातच नाही, तरी कामावर असताना मेलेल्यांच्या बायकामुलांना अन्न आणि वेतन मिळावे, असे ‘अर्थशास्त्रा’त त्यानेही नमूद केले आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सैनिकाला पगार मिळतोच. गटारात उतरणारा सफाई कामगारही जीव धोक्यात घालतो, मग सैनिकाचेच वेगळे कौतुक कशाला? सफाई कामगाराच्या घरच्यांसाठीही भांडले पाहिजे, यात वाद नाही. पण सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. राज्यघटनेचे कलम 33 संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा देते, आणि 1950 च्या लष्कर कायद्याच्या 21 व्या कलमाने संघटना करण्यावर व वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध आणता येतात. शिस्तीसाठी ते हवेतच. मात्र ज्याचे तोंड आपण कायद्याने बंद केले, त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी मग आपल्याकडे येते. निवृत्तीनंतर बंधने सुटतात, तोवर बोलण्याची सवय मोडलेली असते. आणि वीरपत्नीला तर पतीच्या नोकरीतले नियम पहिल्यांदाच वाचावे लागतात, तेही दुःखाच्या दिवसांत. 17 डिसेंबर 1982 च्या नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले. त्या खटल्यातला एक याचिकादार निवृत्तिवेतनधारक नव्हताच. ती ‘कॉमन कॉज’ ही नागरिकांची संस्था होती. नारदांचे काम आजच्या काळात असेही होते.

राहिला पैशाचा प्रश्न. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठीच्या 6.81 लाख कोटींपैकी सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. हा बोजा खरा आहे आणि रकमेविषयी वाद घालण्याचा सरकारला हक्क आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ योजनेची दर पाच वर्षांनी फेरआखणी करण्याची सरकारची पद्धत उचलून धरली. माजी सैनिकांचे प्रत्येक म्हणणे बरोबरच असते, असे नाही. पण ठरलेले देणे अडवण्याला काटकसर म्हणता येणार नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असे धरून चालावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये, असे धरमवीर सिंग खटल्यात 2013 मध्येच स्पष्ट झाले आहे. त्यानंतरही अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी जवानांना लष्करी न्यायाधिकरणाचे दार ठोठावावे लागते, आणि तिथे जिंकल्यावर सरकारच्या अपिलाला तोंड द्यावे लागते. कायदा जिथे ठरलेला आहे तिथली अपिले संरक्षण मंत्रालयाने मागे घ्यावीत. 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीला आपण पैसे देतो ते द्यावेतच. त्याच दिवशी आपल्या खासदाराला एक पत्र लिहून या अपिलांचा हिशेबही मागावा.