रात्रीचा हक्क

पंचवटीत सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरणाऱ्या प्रत्येकाला कथा माहीत असते. रावणाने सीतेला इथून नेलं आणि तिला सोडवू पाहणारा जटायू इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला पडला. धर्मशास्त्राच्या भाषेत रावण आततायी. वसिष्ठस्मृतीत आततायी सहा आहेत: आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. चालून आलेल्या आततायीला मारण्यात दोष नाही, असं मनूही सांगतो. बायको इथे धन आणि शेताच्या पंगतीला बसवली आहे, हे मला खटकतं. जटायूचं स्वतःचं तर काहीच जात नव्हतं. तो सीतेसाठी लढला. आणि गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन कौरवांना आततायी म्हणूनही त्यांना मारण्यात पापच पाहतो. शास्त्राने मुभा दिली म्हणून मनाची टोचणी थांबत नाही.

मालमत्ता राखताना जीव घेण्याची मुभा आपला आजचा कायदाही देतो. १८६० च्या दंडसंहितेतलं १०३ वं कलम १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत ४१ वं झालं. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या इमारतीला लावलेली आग, या प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जातो. साधी चोरी असेल, तर जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. मखमलाबादकडच्या द्राक्षबागेत दिवसाढवळ्या कोणी घड तोडत असेल, तर त्याला अडवता येईल, धरता येईल; मारून टाकता येणार नाही. वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत जाताना शेतकऱ्याला हे किती जड जात असेल, हे मला कळतं. तरी कायदा बरोबर आहे असंच मी म्हणेन.

रात्रीला वेगळं मोजणं फार जुनं आहे. बायबलच्या जुन्या करारात रात्री घर फोडताना मारल्या गेलेल्या चोराच्या रक्ताचा दोष लागत नाही, सूर्य उगवल्यावर लागतो. प्राचीन रोमच्या कायद्याच्या बारा पाट्यांनीही रात्रीचा चोर वेगळा काढला होता. जुन्या वाड्याच्या दारामागचा अडसर दिवसभर भिंतीच्या पोटात असे, दिवेलागणीनंतर बाहेर ओढून दाराला आडवा घालत. अंधारात आलेल्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही, पोरंबाळं आत झोपलेली असतात, हाकेला कोण येईल याची खात्री नसते. कायदा ही भीती गृहीत धरतो. माझ्या मते त्याने माफी दिली आहे ती या भीतीला. तिजोरीची किंमत जिवाएवढी ठरवलेली नाही.

म्हणूनच बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जे म्हटलं ते मला मोलाचं वाटतं. शेजारणीच्या शौचकूपाची भिंत पडली होती, म्हणून ती आरोपीच्या शौचकूपात जाऊ लागली. बजावूनही ऐकत नाही म्हणून त्याने वाटेत वीजप्रवाहाची उघडी तार लावली आणि ती बाई मेली. परवानगीशिवाय आत आलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं सांगून न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तारेला भीती वाटत नाही. समोर दरोडेखोर आहे की अडलेली बाई, हेही तिला दिसत नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा.

आणि १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे काय झालं? चोर फिरत असल्याची अफवा होती, टाळेबंदीचे दिवस, भीती खरीच असेल. पण गाडीतले दोन साधू आणि चालक कोणाच्या घरात शिरले नव्हते, त्यांनी कशाला हात लावला नव्हता. पोलीसही येऊन पोचले होते. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला सवड असेल तर बचावाचा हक्क उरत नाही, असं न्यायसंहितेचं ३७ वं कलम सांगतं. जुन्या संहितेतही ९९ व्या कलमात तेच होतं. त्या रात्री यंत्रणा समोर उभी होती, आणि तिच्या देखत जमावाने तिघांना ठार मारलं.