सम्राटाचे धान्य

गोव्याच्या जुन्या काबिजादींतील एखाद्या गावात ख्रिस्ती घरी कोणी निवर्तले म्हणजे इगर्जीची घंटा निराळ्या, संथ ठेक्यात वाजू लागते. तो ठेका कानी पडताच कुळागरात वा शेताच्या मेरेवर असलेला मनुष्य हातचे काम थांबवतो. गेलेला इसम कोन्फ्रारियाचा, म्हणजे इगर्जीच्या बंधुमंडळाचा, सभासद असेल तर त्याचे सहबंधू पांढरे अंगरखे चढवतात, खांद्यांवर लाल वा निळे आखूड उपवस्त्र घेतात, आणि क्रूस पुढे करून शवपेटीबरोबर चालू लागतात. घरच्यांनी कोणाच्या दारी जाऊन विनवणी करावयाची नसते. मंडळाचा नियमच त्यांना बोलावून आणतो. रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडणाऱ्या हिंदू शेजाऱ्याने हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. त्याविषयी विचार मात्र त्याने क्वचितच केला असेल.

तो येथे करावा असे आम्हांस वाटते. प्रश्न असा की, एका धर्ममंडळातील माणसे परस्परांना जे साहाय्य करतात त्याला धर्म म्हणावे की नुसती व्यवस्था? आज आम्ही तुमची पेटी उचलतो, उद्या आमची कोणी तरी उचलील, ह्या हिशेबात पुण्य कोठून यावे? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून उपकाराची फेड संभवत नाही अशाला कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फेडीच्या वा फळाच्या अपेक्षेने दिलेले ते राजस. ह्या मापाने मोजू गेल्यास कोन्फ्रारियाची वर्गणी, पतपेढीचा भाग आणि वाड्यावरची भिशी ही सारी राजसाच्या रकान्यात जातील, आणि देवळाच्या पायरीवर अनोळखी याचकाच्या ताटलीत टाकलेले नाणे त्यांच्यावर बसेल. आमच्या समाजात पुष्कळांची समजूत खरोखरच अशी आहे. ती आम्हांस पटत नाही, आणि न पटण्याचे कारण शोधण्यासाठी थोडे दूर, जेरुसलेमपर्यंत, जावे लागते.

मराठी बायबलात चर्चला ‘मंडळी’ हा शब्द वापरला आहे. भाषांतरकारांचे येथे कौतुक करावेसे वाटते. आपल्याकडे ‘मंडळी बरी आहेत ना?’ असे विचारले म्हणजे घरच्यांची चौकशी झाली. त्याच शब्दाने त्यांनी एका धर्मसंघाचे नाव ठेवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात पहिल्या मंडळीचे जे वर्णन आहे तेही घराचेच आहे. लोक आपली शेते-घरे विकत, आलेला पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवीत, आणि ज्याची जशी गरज तसे त्याला मिळे. एवढेच असते तर ते एक सुंदर चित्र ठरले असते आणि आम्ही त्याविषयी लिहिले नसते. परंतु त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात भांडण आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, हिब्रू बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळते, अशी कुरकूर सुरू झाली. दोघीही विधवा, दोघीही एकाच मंडळीतल्या. भेद एवढाच की एकीची बोली वाढणाऱ्याच्या बोलीसारखी नव्हती. मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या कुरकुरीचा अर्थ विशद करून सांगावयास नको.

ह्यावर तोडगा काय निघाला तो पाहण्याजोगा आहे. प्रेषितांनी विधवांना शांत राहण्याचा उपदेश केला नाही, की आपणच अधिक काळजीने वाढू असेही म्हटले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडावयास सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे ग्रंथात आहेत, आणि सातही नावे ग्रीक आहेत. शेवटचा निकोलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. अंत्युखियाहून आलेला, यहुदी धर्म स्वीकारलेला परका मनुष्य होता. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्याच बाजूच्या लोकांकडे कोठाराची किल्ली गेली. दयेत आणि सहभागात हाच भेद आहे. दया करणारा किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवून अधिक उदारपणे वाढील. सहभागात किल्ली हात बदलते.

हे नेहमी साधले असे मात्र नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांतच करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाला रागवावे लागले, कारण तेथील सहभोजनात सुखवस्तू लोक अगोदर येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि कष्टकरी येईपर्यंत काही उरत नसे. पंगतीत आधी कोण बसावयाचे हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उत्पन्न झाला अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी.

ह्या सहभागाची सर्वांत मोलाची साक्ष ख्रिस्ती माणसाची नाही. ती ख्रिस्ती धर्माच्या एका प्रतिपक्ष्याची, देवळांच्या कैवाऱ्याची आहे. रोमचा सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती संस्कारांत वाढला, पण इ. स. ३६१ मध्ये राज्यावर येताच त्याने जुन्या देवांची पूजा पुन्हा प्रतिष्ठित करण्याचा विडा उचलला. बंद पडलेली देवळे उघडली, यज्ञ सुरू झाले. तरीही लोक म्हणावे तसे परतेनात. तेव्हा गलातिया प्रांताचा मुख्य पुजारी अर्साकियस ह्याला त्याने एक पत्र लिहिले. हा प्रांत म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंकाराभोवतालचा मुलूख. पुढल्या शतकात सोझोमेन ह्या इतिहासकाराने ते पत्र आपल्या ग्रंथात उतरून घेतले म्हणून ते आपणांस वाचावयास मिळते. त्यात तो विचारतो की, ह्या लोकांचा पंथ वाढला तो परक्याचे आतिथ्य, मृतांच्या दफनाची काळजी आणि आचरणाचा देखावा ह्यांमुळे, हे आपल्याला दिसत कसे नाही? त्यांच्यावर तो प्रसन्न नाही. देखावा म्हणतो, तुच्छतेने ‘गालीली’ म्हणतो. पण पुढे लाजेने कबूल करतो की, हे लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात, आणि आमच्या माणसांना आमच्याकडून काही मिळत नाही हे जगाला दिसते. मग तो आज्ञा देतो: प्रत्येक नगरात धर्मशाळा उघडा. दरसाल ३०,००० मापे धान्य आणि ६०,००० मापे मद्य सरकारातून मिळेल. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना, उरलेले परदेशी व याचकांना.

दोन वर्षेही पुरती राज्य न करता इ. स. ३६३ मध्ये इराणच्या स्वारीत ज्युलियन मारला गेला, म्हणून ही योजना फळली नाही असे म्हणता येईल. आमच्या मते तो आणखी वीस वर्षे जगता तरी फारसा फरक पडला नसता. त्याला धान्य दिसले, धान्यामागचे घर दिसले नाही. गालीली लोकांच्या पंगतीत काल जेवणारा आज वाढीत होता. सम्राटाच्या कोठारापुढे मात्र घेणारा कायमचा घेणाराच राहणार होता. सरकारी गाड्यांनी गहू पोचतो. शेजारी आजारी पडला आहे ही बातमी पोचत नाही.

आता गीतेच्या मापाकडे पुन्हा वळू. ते माप खोटे नव्हे. परंतु ते दात्याच्या अंतःकरणाला लावावयाचे आहे. घेणाऱ्याच्या अंतःकरणात काय होते ह्याचा शोध तेथे चाललेला नाही. ज्याला कधीच फेडता येत नाही त्याची मान हळूहळू खाली जाते, आणि दाता कितीही सात्त्विक असला तरी ती वर येत नाही. परस्परसाहाय्यात ही मान राखली जाते. ह्याउपर, त्याला व्यापार म्हणणेही चुकीचे आहे. ज्याची पेटी आम्ही उचलली तो उठून आमची उचलणार नाही. आमची उचलणारा कोणी तिसराच असेल, कदाचित आज जन्मालाही आलेला नसेल. देणे एकाचे, फेड दुसऱ्याला: हा हिशेब आपल्या धर्माला अपरिचित नाही. पितृऋण आपण पित्याला परत करीत नाही. पुढल्या पिढीला वाढवून फेडतो. कोन्फ्रारियातले ऋण त्याच जातीचे आहे. ते राजसाच्या रकान्यात घालणाऱ्याने तीन ऋणांची कल्पनाच पुन्हा तपासून पाहावी.

येथे आमचे काही वाचक अस्वस्थ झाले असतील, आणि ते योग्यच आहे. कोन्फ्रारिया हा शब्द आमच्या कानांना सर्वस्वी निर्मळ लागत नाही. १५४१ मध्ये गोवा बेटावरील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या प्रसाराकडे वळवण्यात आले, आणि ज्या संस्थेचे त्यावर पोषण झाले तिचेही नाव सांता फेची कोन्फ्रारिया असेच होते. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा अंत्रुजात कां आली हे ज्यांच्या घरी सांगितले जाते त्यांनी ते विसरावे असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या देवाच्या उत्पन्नावर उभारलेले बंधुत्व हे त्या बंधुत्वावरचे लांच्छन आहे. आणखीही एक लांच्छन आहे. धर्म बदलला तरी जात बदलली नाही. पुष्कळ गावांत कोन्फ्रारिया जातवार राहिल्या, उपवस्त्राचा रंगही त्याप्रमाणे ठरला, आणि सणाचा मान कोणाचा ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. शेजाऱ्यापाशी हा दोष आम्ही कोणत्या तोंडाने काढावा हा प्रश्न वेगळा.

परंतु त्याच लोकांनी मुंबईत जे केले तेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे, स्वयंपाक्यांचे, वाजंत्र्यांचे ‘कूड’ उभे राहिले. कूड म्हणजे खोली. एकेका गावाचा एकेक कूड. भिंतीकडेने पत्र्याच्या पेट्या, एका बाजूस गावच्या इगर्जीतील संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळ, आणि वर्गणी अगदी थोडी. आगबोट मिळेपर्यंत तारवटी तेथे राहावयाचा. एकदा मिळाली की त्याची जागा दुसरा घ्यावयाचा. कोणी कोणावर उपकार करीत नव्हता, आणि परक्या शहरात कोणी उघड्यावर पडत नव्हता. आजही त्यांतले काही चालू आहेत. जातीची रेघ काही कुडांतूनही होती. माणूस समुद्र ओलांडतो, ती ओलांडणे त्याला जड जाते.

ही सीमा हाच साऱ्या परस्परसाहाय्याचा कठीण भाग होय. ‘आपले’ म्हटले की कोणी तरी ‘परके’ झालेच. आपल्या मराठीत ह्या सीमेशी झुंजलेला मनुष्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते मंडळीत गेले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. दरबार किती चालला ह्यावरून त्याची किंमत करू नये. मंडळीच्या आत राहून तिचा उंबरा खाली करण्याची आस एका ख्रिस्ती कवीला लागली, एवढे आम्हांस पुरे आहे. ज्युलियनला खटकले तेही हेच होते. नुसते आपले गरीब पोसणाऱ्यांचा त्याला एवढा हेवा वाटला नसता.

मग आमच्या देवालयांचे काय? आमच्या समाजात परस्परसाहाय्य नाही असे कोणी म्हणू नये. श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल पतपेढी काढली, ती सहकाराच्या तत्त्वावर. दान म्हणून नव्हे. परंतु हे सारे देवळाच्या आवाराबाहेर घडले. आवारात महाजनांची नोंदवही आहे, १८८६ चे आणि मग १९३३ चे पोर्तुगीज नियम आहेत, निवडणूक आणि अंदाजपत्रक आहे. पालखी कोणाच्या खांद्यावर, प्रसादाचा पहिला मान कोणाचा, हे त्यांतून वा वहिवाटीतून कळते. फरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. अन्नसंतर्पणाला हजार पाने उठतात आणि ते चांगलेच आहे. पण दुसऱ्या दिवशी त्या हजारांतील कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे विचारण्याचे काम नोंदवहीत कोणाच्याच नावे लावलेले नाही. दर्शनासाठी आपण शेजारी-शेजारी उभे राहतो, पण प्रत्येकाची गाठ एकट्या देवाशी असते. ह्यात एक थोर मोकळेपणा आहे, तो गमवावा असे आम्हांस वाटत नाही. वारीच्या दिंडीत मात्र ह्याच माणसांना एकमेकांच्या पायांचे फोड दिसतात, तेव्हा ही दृष्टी आपल्यात नाही असेही म्हणता येत नाही.

देवालयाच्या निधीतून गरजू कुळाव्यांसाठी काही करावे असा विषय महाजनांच्या सभेत निघाला, की बहुधा एक उत्तर मिळते: कोणी अर्ज केला तर जरूर विचार करू. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण आजन्म देवळाची फुले ओवून म्हातारी झालेली बाई अर्ज करीत नाही. तिला तो लिहिता येत नाही म्हणून नव्हे. ज्या सभेपुढे तो वाचला जाईल तिच्यातील प्रत्येक जण तिला नावाने ओळखतो म्हणून. जेरुसलेमच्या विधवांनीही अर्ज केल्याची नोंद नाही. त्यांच्या बाजूची माणसे कुरकुरली, आणि ती कुरकूर ज्यांच्या कानी गेली त्यांनी प्रथम किल्लीचा विचार केला.