सर्वथा दुष्ट कोण?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस हरियाणा राज्यात गुरुग्राम नावाचे नगर आहे. लोकांच्या तोंडी रुळलेले गुडगाव हे नाव बदलून शासनाने २०१६ साली त्यास हे नाव दिले. द्रोणाचार्यांना हा गाव शिष्यांकडून गुरुदक्षिणेत मिळाला, अशी तेथील परंपरा आहे. आज त्या भूमीवर काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत आणि नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून गेलेली कित्येक मराठी कुटुंबे त्यांत राहतात. घरी संध्याकाळी रामरक्षा होते, गणपतीही बसतो. आणि त्याच घरातील तरुण मुलांना कादंबऱ्या, चित्रपट, मालिका व जपानी चित्रकथा यांचा मोठा नाद असतो.

अशी मुले एकत्र जमली की एक वाद हटकून रंगतो. कथेतील इतक्या खलपुरुषांपैकी सर्वथा दुष्ट म्हणावा असा कोण? परिस्थितीने बिघडलेला किंवा सूडाने आंधळा झालेला नव्हे, तर ज्याच्या ठिकाणी चांगुलपणाचा कणही नाही असा. वडीलधाऱ्यांना हा वाद पोरकट वाटतो. नसत्या माणसांविषयी एवढा काथ्याकूट कशाला, असे म्हणून आजोबा वर्तमानपत्रात डोके घालतात. परंतु क्षणभर कान देऊन ऐकले तर असे दिसून येते की, ही मुले नकळत न्यायशास्त्राच्या वाटेने चालली आहेत.

कोणत्याही पदार्थाचे लक्षण करावयाचे तर ते तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. लक्षण जेथे लागू पडावयास हवे तेथे पडले नाही तर अव्याप्ती, नको तेथे पडले तर अतिव्याप्ती, आणि कोठेच पडले नाही तर असंभव. मुलांनी ठरविलेले लक्षण साधारणपणे असे असते: ज्याने जाणूनबुजून घोर कर्म केले, ज्यास त्याचा पश्चात्ताप नाही, ज्याचे कोणावरही खरे प्रेम नाही, आणि ज्याचे पूर्वायुष्यातील दुःख ऐकूनही ते कर्म समजण्याजोगे होत नाही. चारही अंगे जुळली पाहिजेत. एक गळाले की तो दुष्ट खरा, पण सर्वथा दुष्ट नव्हे. जुन्या पाठशाळेतील एखादा शास्त्री हा वाद ऐकता, तर विषयाला हसला असता, पण पद्धतीला त्याने मान डोलावली असती.

या कसोटीवर बहुधा पहिला उतरतो तो 'शोले' या १९७५ सालच्या चित्रपटातील गब्बरसिंग. तो ठाकुराच्या घरातील लहान मुलावर गोळी झाडतो, आपल्याच तीन माणसांना हसत हसत मारतो, आणि त्याला कशाचीही खंत नाही. मुले म्हणतात, लक्षण जुळले. जुळलेच, परंतु ते का जुळले हे पाहण्यासारखे आहे. गब्बरसिंगाला आई नाही. ती वारली असे नव्हे, कथाकाराने ती दाखविलीच नाही. त्याचे बालपण नाही, त्याच्या पहिल्या अपराधाची रात्र नाही, तापाने फणफणला असता त्याच्या उशाशी कोण बसले होते याचा पत्ता नाही. कथाकाराला तीन तासांत गोष्ट संपवावयाची होती, तेव्हा त्याने हे सर्व वगळले आणि योग्यच केले. परंतु त्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. सर्वथा दुष्ट मनुष्य जेथे सापडतो तेथे त्याच्याविषयी पुष्कळसे सांगावयाचे राहिलेले असते.

भगवान व्यासांनी काहीच राहू दिले नाही, आणि म्हणूनच महाभारतात हे लक्षण घेऊन शिरणाऱ्याची फार पंचाईत होते. दुर्योधनापासून आरंभ करावा, तर ज्या कर्णाला भर रंगमंडपात कुळावरून हिणविले गेले त्यास त्याने उचलून अंगदेशाचे राज्य दिले आणि ते सख्य शेवटपर्यंत राखले. स्वर्गारोहणपर्वात तर युधिष्ठिर स्वर्गात पाऊल टाकतो तो दुर्योधनच तेजाने तळपत आसनावर बसलेला दिसतो, आणि धर्मराजाला संताप आवरत नाही. रावणाकडे वळावे, तर त्याच्या देहाचे संस्कार करण्यास प्रत्यक्ष श्रीरामच बिभीषणास सांगतात. वैर मरणापाशी संपले, हा त्यांचा निर्वाळा. दिल्लीजवळच गौतमबुद्धनगर जिल्ह्यात बिसरख हे गाव रावणाचे जन्मस्थान मानले जाते आणि तेथे दसऱ्याला त्याचे दहन न करण्याची रूढी आहे. महाराष्ट्रातही अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी रावणाच्या काळ्या पाषाणमूर्तीची पूजा होते. शिशुपाल, हिरण्यकशिपु यांचे नाव घ्यावे, तर भागवतकार सांगतात की हे मुळात वैकुंठाचे द्वारपाल.

राहता राहिला अश्वत्थामा, आणि तो गुरुग्रामच्याच घरचा.

त्याचे कर्म सौप्तिकपर्वात वाचावे, आणि पुन्हा वाचण्याची इच्छा होऊ नये, असे आहे. युद्ध संपले आहे. रात्री वडाखाली पडला असता एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसते आणि तेवढ्यावरून त्याला युक्ती सुचते. मामा कृपाचार्य परोपरीने समजावतात. तो ऐकत नाही. शिबिरात शिरून तो धृष्टद्युम्नाला शस्त्राने मरण्याचे भाग्यही न देता लाथांखाली तुडवून मारतो. द्रौपदीच्या पाचही पुत्रांना कापून काढतो. पुढे उत्तरेच्या उदरातील गर्भावरही अस्त्र सोडतो. मुलांच्या कसोटीतील पहिली दोन अंगे येथे पुरेपूर जुळतात.

पण व्यासांनी याच माणसाचे बालपणही सांगून ठेवले आहे. घरात दारिद्र्य इतके की दूध कधी मिळाले नाही. पिठाचे पाणी दूध म्हणून प्यायला मिळाले तेव्हा हा पोर आनंदाने नाचला, आणि ते पाहून लोक हसले. ते हसणे द्रोणांना सहन झाले नाही. त्यातूनच पुढे द्रुपदाचा दरबार, अपमान आणि वैर हे सगळे उपजले. युद्धात 'अश्वत्थामा मेला' या शब्दांनी पित्याचे शस्त्र गळून पडले, आणि योगात बसलेल्या त्या वृद्धाचे मस्तक धृष्टद्युम्नाने उडविले. पुत्राचे नाव वापरून पित्याला मारले गेले. एवढे कळल्यावर वाचकाचे मन डळमळते, आणि येथेच अधिक सावध राहावे लागते. दुःख खरे असले तरी झोपलेली पाच मुले त्याला काहीच लागत नव्हती.

आता निवाडा करण्याचा अधिकार जिला होता तिने काय केले ते पाहू. महाभारतात द्रौपदी प्रायोपवेशनाला बसते आणि अश्वत्थाम्याच्या प्राणांची मागणी करते. अखेर त्याच्या मस्तकावरील मणी हाती आल्यावर ती शांत होते. भागवताच्या प्रथम स्कंधात कथा निराळी आहे. तेथे अर्जुन त्याला दोरीने बांधून तिच्यापुढे आणून टाकतो. पुत्रशोकाने जळणारी ती माता त्याच्याकडे पाहते आणि त्याला सोडावयास सांगते. कारण काय सांगते? तो निर्दोष आहे असे ती म्हणत नाही, त्याला पश्चात्ताप झाला आहे असेही म्हणत नाही. तिला त्याची आई कृपी आठवते. आपण जशा रडतो तशी तिने रडू नये, एवढेच तिचे म्हणणे. भीम म्हणतो, मारा. श्रीकृष्ण दोन्ही बाजू अर्जुनापुढे ठेवतात. शेवटी मणी केसांसह कापून घेतला जातो आणि त्याला शिबिराबाहेर घालवून दिले जाते. या दोन कथांपैकी खरी कोणती, हा वाद पंडितांनी करावा. दोन्हींत शिक्षा आहे, आणि दोन्हींत तो जिवंत राहतो.

मुलांच्या लक्षणात 'ज्याचे कोणावर प्रेम नाही' असे एक अंग होते. द्रौपदीने प्रश्न उलटा विचारला: याच्यावर कोणाचे प्रेम आहे?

येथे एक शंका येईल. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तर दैवी आणि आसुरी असे दोन स्पष्ट वर्ग केले आहेत. मग सर्वथा दुष्ट असतोच, असे भगवंतांनीच सांगितले नाही काय? अध्याय नीट वाचावा. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान ही आसुरी संपत्ती चौथ्या श्लोकात मोजून होते न होते तोच पाचव्या श्लोकात भगवान अर्जुनाला धीर देतात की, तू शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्मला आहेस. हा धीर देण्याचे प्रयोजन काय? श्रीशंकराचार्य भाष्यात सांगतात की, ही यादी ऐकताच आपण यांपैकी कोण, असा विचार अर्जुनाच्या मनात आला, तो ओळखून हे उत्तर आहे. समोर दुर्योधन, दुःशासन, शकुनी रथांवर उभे होते. यादी हातात आली असता कोणीही त्यांच्याकडे बोट दाखविले असते. अर्जुनाने ती स्वतःला लावून पाहिली.

हे खरे की त्याच अध्यायात पुढे एकोणिसाव्या-विसाव्या श्लोकांत क्रूर नराधमांना पुनःपुन्हा आसुरी योनींत टाकण्याची भाषा आहे, आणि ती सौम्य करून सांगण्यात प्रामाणिकपणा नाही. श्रीमध्वाचार्यांच्या संप्रदायात काही जीव स्वभावतःच अंधकाराला योग्य असतात असे मानले आहे. त्यांचा आधार अशाच वचनांवर आहे. इतर आचार्यांनी हे मानले नाही. त्यांच्या बाजूने एवढे दिसते की लगेच पुढच्या दोन श्लोकांत काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारे सांगून, त्यांतून सुटलेला मनुष्य परमगतीला जातो असेही सांगितले आहे. आणि नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने वळला तर त्याला साधूच समजावे, अशी आज्ञा आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही; त्यांचा वाकडेपणा मात्र जावा, असे मागितले. वाकडेपणा काढून टाकल्यावर मागे काहीतरी उरते, हे त्यात गृहीत आहे.

याच्या उलट दिशेलाही एक खड्डा आहे, आणि मराठी वाचक त्यात बरेचदा पडला आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली. तेव्हापासून कर्ण हा घराघरांतील लाडका झाला. त्याच्या वाट्याला आलेल्या अन्यायाने डोळे पाणावणे योग्यच. परंतु द्यूतसभेत द्रौपदीला अभद्र शब्द बोलणारा आणि तिची वस्त्रे उतरविण्यास दुःशासनाला सांगणारा हाच कर्ण होता, हे सांगितले की मंडळी नाराज होतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये कोणालाच अशी सूट दिली नाही, म्हणून ते पुस्तक आजही थोडे टोचते. गुरुग्राम नगरातच खांडसा नावाचे गाव आहे. एकलव्याने अंगठा दिला तो तेथे, असे सांगतात, आणि तेथे त्याचे मंदिरही आहे. नगराला गुरूचे नाव मिळाले म्हणून त्या अंगठ्याचा हिशेब मिटत नाही.

कथेतल्या माणसांविषयीचा हा वाद घराबाहेर राहता तर चिंता नव्हती. पण वाटण्यांवरून भाऊ भावाशी कोर्टात जातो आणि दहा वर्षांनी पुतण्यांना सांगितले जाते की तो मुळातच तसा. सूनबाईविषयी, सासूविषयी, व्यसनी धाकट्याविषयी हीच तीन अक्षरे उच्चारली जातात: मुळात. या शब्दाने त्या माणसाचे बालपण पुसले जाते. ज्या भावाने लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखविली तो गोष्टीतून वगळला जातो आणि उरतो तो तीन तासांच्या चित्रपटातला खलनायक. त्याने बळकावलेले शेत सोडून द्यावे असे येथे कोणी म्हणत नाही. दावा लढवावा, मणी काढून घ्यावा. साक्ष देताना घडले तेवढे सांगावे. फक्त मुलांना गोष्ट सांगताना जत्राही सांगावी.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी बांधव मोठ्या संख्येने ते चढून जातात. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन या डोंगरांत फिरतो आणि तिच्यासाठी तेल मागतो, अशी तेथील श्रद्धा आहे. त्याने काय केले हे या यात्रेकरूंना ठाऊक नाही असे नाही. जखम तर त्याच कर्माची.

आणि गुरुग्राममध्ये त्याच्या आईचे देऊळ आहे. शीतलामाता म्हणून ज्या देवीची तेथे पूजा होते ती द्रोणपत्नी कृपी, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवीच्या आजाराने पीडित मुलांची ती शुश्रूषा करी, असे सांगतात. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या बायका मांडीवरचे मूल घेऊन जावळ काढण्यासाठी तिच्या दारी येतात. पाच झोपलेली मुले ज्याने मारली त्याच्या आईपुढे मुलांच्या आयुष्यासाठी पदर पसरला जातो, आणि यात कोणाला काही विपरीत वाटत नाही. त्या गर्दीत एखादी अशीही असेल की जिचा थोरला मुलगा तुरुंगात आहे. ती नातवाचे जावळ उरकते, प्रसाद बांधून घेते, आणि निघताना देवीपुढे आणखी एक नारळ ठेवते.