गीता ६.३७ ते ६.४५ : सुटलेली साधना आणि बंद पडलेली गाडी



सहाव्या अध्यायात आज आपण ज्या प्रश्नाशी आलोय, तो मला गीतेतला सगळ्यात आपल्या पिढीचा प्रश्न वाटतो. अर्जुन विचारतो, श्रद्धा होती, सुरुवातही केली, पण मन चळलं आणि मधेच सगळं सुटलं. अशा माणसाचं काय होतं? संसारही धड नाही, परमार्थही नाही. फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

भगवंत उत्तर देताना अर्जुनाला 'तात' म्हणतात. संपूर्ण गीतेत ही हाक फक्त इथे आहे. आतापर्यंत पार्थ, कौंतेय, महाबाहो चाललं होतं, आणि नेमकं अपयशाबद्दल विचारल्यावर आवाज बापाचा होतो. ४०व्या श्लोकात सांगतात, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. ४३व्यात सांगतात, आधी जमवलेली बुद्धी त्याला परत मिळते आणि तो तिथून पुढे निघतो. आणि ४४व्यात तर सांगतात की जुना अभ्यासच त्याला ओढून नेतो, त्याच्या मनात असो नसो.

हे 'तिथून पुढे' प्रत्यक्षात कसं दिसतं? मी इंजिनिअर माणूस, मला मशीनशिवाय कळत नाही, म्हणून आज दृष्टांत मोटरसायकलचा.

आमच्या चिंचणीच्या घराच्या पडवीत काकांची बीएसए एम२० उभी आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका बनवणारी कंपनी. ४९६ सीसीचं एकच सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी लाखाच्या वर एम२० तयार झाल्या आणि युद्ध संपल्यावर बऱ्याच विकल्या गेल्या. आमची अशीच हातोहात फिरत आजोबांकडे आली. पुढे काका तिच्यावरून तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जायचे. १९९७ साली काकू गेल्या. त्या वर्षी गाडी उभी केली ती उभीच राहिली, आणि काकांचा रोज संध्याकाळचा हरिपाठही त्याच वर्षी थांबला. घरात दोन्ही विषय कोणी काढत नसे.

यंदा घर विकायची बोलणी सुरू झाली आणि गाडी भंगारात द्यायचं ठरलं. काका एवढंच म्हणाले, "एकदा आवाज ऐकू दे रे, मग न्या."

पालघरहून एक जुने मेकॅनिक आले, सत्तरीचे चाचा. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "किक कोणी मारायची नाही." समुद्राची खारी हवा आणि एवढी वर्षं. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतलं आणि चक्क घरी गेले. आम्ही रोज संध्याकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने जरासं पुढे, जरासं मागे करायचं. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी केसभर हललं.

याच अध्यायात २५व्या श्लोकात भगवंतांनी मनाबद्दल हेच सांगितलंय, हळूहळू, धीराने. आपण काय करतो? चार वर्षांनी जपमाळ हातात घेतली की पहिल्याच दिवशी एकवीस माळांचा संकल्प, पहाटे चारचा अलार्म, मोबाईलमधली सगळी ॲप्स डिलीट. ही जाम इंजिनला मारलेली किक आहे. तिसऱ्या दिवशी काहीतरी मोडतं आणि आपण म्हणतो, आपल्याला नाहीच जमत. (२१ दिवसांत आयुष्य बदला वाल्या रील्सचा मला राग का येतो, ते आता कळलं असेल.)

पुढची गोष्ट मला फार शिकवून गेली. एम२०ची ऑइलची टाकी इंजिनपासून वेगळी असते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये साठतं. वरून पाहिलं तर टाकी रिकामी, म्हणून माणूस नवं ऑइल भरतो. पण आधी खालचं काढायला लागतं. आम्ही ड्रेन प्लग उघडला तर काळं, चिकट ऑइल कितीतरी वेळ गळत राहिलं. काका शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. तेव्हा ते काकूंच्या शेवटच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलले. कोणी विचारलं नव्हतं.

नवं कीर्तन ऐका, नवा पॉडकास्ट लावा, सगळं चांगलंच आहे. पण देवाशी बोलणं जिथे थांबलं, तिथे बहुतेक वेळा काहीतरी साचलेलं असतं. रुसवा असेल, न ऐकली गेलेली प्रार्थना असेल. ते आधी त्याच्यासमोरच बाहेर येऊ द्या. राग असेल तर रागाने बोला. अर्जुनानेही शंका झाकून ठेवली नाही.

टाकीचा गंज, कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा झालेला डिंक, कुजलेल्या केबली, या सगळ्यात तीन आठवडे गेले. ते सांगत बसत नाही. मॅग्नेटोचं मात्र सांगतो. या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मॅग्नेटोत चुंबक असतं, इंजिन फिरलं की वीज तिथेच तयार होते. आमची बॅटरी कधीच मेली होती. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, आणि किक फिरवल्यावर प्लगवर निळी ठिणगी पडली. आत होतीच, फिरवणारा हवा होता.

मग एका रविवारी चाचांनी व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून पिस्टन जागेवर आणला आणि किक मारली. सातव्या किकला धडधड सुरू झाली, आणि सगळी पडवी धुराने भरली. शेजारी धावत आले. मी म्हटलं, "चाचा, बंद करा, काहीतरी जळतंय." ते म्हणाले, "जळू द्या. जुनं आहे ते." पाच मिनिटांत धूर विरळ झाला.

खूप दिवसांनी डोळे मिटून बसलं की मनात घाण विचारांचा असाच लोट उठतो, आणि वाटतं की आपण आधीपेक्षा वाईट झालोय. धूर म्हणजे इंजिन बिघडलं असं नाही. आत साचलेलं होतं, आता आग लागली म्हणून दिसतंय.

त्याच संध्याकाळी काका दिव्यासमोर बसले आणि हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. मधेच एका अभंगाला अडले. मी मोबाईलवर शोधून द्यायला गेलो तर हाताने थांबवलं. बराच वेळ शांतता. मग पुढची ओळ आली, आणि तिच्या पुढची. नंतर म्हणाले, "मी आठवत नव्हतो रे. तीच आली." ४४व्या श्लोकावरचं याहून सोपं भाष्य मी वाचलेलं नाही.

जाता जाता एक. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. अट अशी की ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली अशा निमित्ताने काढायची. आपल्यातल्या कितीजणांच्या भक्तीला ही प्लेट लागलीय? आषाढीला बाहेर, गणपतीत बाहेर, एरवी कव्हर घालून.

ब्रेकचं काम बाकी आहे, म्हणून गाडी अजून रस्त्यावर आणलेली नाही. भंगारवाल्याला नंतर या म्हणून सांगितलंय. घराचं अजून ठरायचंय.

ज्यांचं काही सुटलंय, त्यांनी आज फक्त ४३ आणि ४४ हे दोन श्लोक वाचा. संकल्प वगैरे काही नको. उद्या ४६वा घेऊ.

राम कृष्ण हरी.