पेटीतले तुकोबांचे नाणे



तुमच्या खिशात किंवा कनवटीला एखादे नाणे असेल तर हातात घ्या. त्यावरचा आकडा आपण रोज पाहतो. साल कोणी पाहत नाही. सालाखाली बारीक खूण असते, तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले. चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. १९८५च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ आहे; ते इंग्लंडमधल्या हीटन टांकसाळीत पाडले गेले. १९९७च्या काही रुपयांवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर इवलेसे वर्तुळ आहे; ते मेक्सिकोतून आले. बाजारात सगळ्यांची किंमत एकच रुपया. वारीत जसे कोणी कुठल्या गावचा हे विचारत नाही, तसेच.

माझे मात्र तसे नाही. मी विचारतो. लोणावळ्याच्या बाजारात माझे चिक्कीचे लहान दुकान आहे. गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणाव्या लागतात. रात्री फळी लावली की मी भिंग घेऊन पिशवी चाळतो. एखादे सहसा न दिसणारे साल, एखादी परदेशी खूण सापडली की ते नाणे बाजूला काढतो आणि माझ्या खिशातले तेवढ्याच किमतीचे नाणे गल्ल्यात टाकतो. कित्येक वर्षांचा हा छंद आहे. त्यात मला कधी काही वावगे वाटले नाही. बँकेने मोजून दिले, मी मोजून पैसे भरले. बँकेला संख्येशी काम, मला सालाशी. कोणाची फसवणूक झाली नाही.

आता पुढची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सोपी नाही.

आमचे गाव मावळात, इंद्रायणीच्या काठी. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी ही नदी आमच्या शिवारातून पुढे देहूला आणि आळंदीला जाते. गावच्या विठ्ठल मंदिराची पेटी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला उघडतात. नाण्यांची मला सवय, म्हणून मोजायला मला बसवतात. सतरंजीवर ढीग ओतायचा, रुपया, दोन, पाच, दहा असे वेगळे करायचे. चार आणे ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तरी कोणी भाविक अजून टाकतोच. तेही वेगळे ठेवायचे.

एका द्वादशीला हाताला अकरा कोनांचे दोन रुपयांचे नाणे लागले. उलटून पाहिले तर साल २००२, आणि वर साक्षात तुकोबाराय. सरकारने १९९९ साली ज्ञानोबा माउलींचा रुपया काढला होता आणि २००२ साली तुकोबांचे दोन रुपये. माउलींचे नाणे माझ्याकडे होते. हे नव्हते. मी खिशातले साधे दोन रुपये ढिगात टाकले आणि ते नाणे खिशात घातले. कोणी पाहिले नाही. हिशेब पैशालाही चुकला नाही. घरी येऊन ते देवघरात ठेवले, गंध लावले, हात जोडले.

तुम्ही म्हणाल, यात बिघडले काय? मीही तेच म्हणत होतो. विकायचे असते तर लोभ म्हटला असता. मी तर पूजेला ठेवले. पण रोज गंध लावताना एक गोष्ट आठवू लागली. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खते याच इंद्रायणीत सोडली. ते येणे त्यांच्या हक्काचे होते. हक्काचे असून त्यांनी सोडले. मी हक्काचे नसलेले घेतले, आणि तेही त्यांच्याच नावाने. लोभ गल्ल्याजवळ आला असता तर मी ओळखला असता. तो देवघरात टिळा लावून आला, म्हणून ओळखू आला नाही.

पंधरा दिवसांनी पुढची द्वादशी आली. मी नाणे घेऊन गेलो आणि आमच्या म्हाताऱ्या विणेकरी बुवांपुढे ठेवले. सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मला विचारलं असतंस तर दिलं असतं रे. दोन रुपये घेतले असते नि वर प्रसाद दिला असता. न विचारता नेलंस, म्हणून आता देता येत नाही.” आणि त्यांनी ते ढिगात सारले. मोजणी मीच पुरी केली. ते नाणे इतर नाण्यांबरोबर पिशवीत बांधले गेले आणि बँकेत गेले.

मग बँकेची पिशवी चाळणे आणि मंदिराची पेटी चाळणे यांत फरक काय? हात तेच, भिंग तेच, खिशातून टाकलेली भरपाईही तीच. फरक एवढाच की बँकेतून पैसे मोजून आणलेली पिशवी माझी होती. पेटीपुढे मी मालक नव्हतो. तिथे माझे डोळे गावाने सेवेला लावले होते. त्या डोळ्यांना जे दिसले, ते आधी गावाला सांगायचे होते. दुसऱ्याला दिसत नाही ते आपल्याला दिसले, एवढ्याने ते आपले होत नाही.

ही दोन रुपयांची गोष्ट आहे म्हणून हसून सोडू नका, माउली. ज्या २००२ साली हे नाणे निघाले, त्याच साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. रस्ता कुठून जाणार, भाव कुठे चढणार हे ज्याला आधी कळते तो, आणि ज्याला बांधापलीकडचे काही ठाऊक नाही तो, असे दोघे व्यवहाराला बसले की काय होते हे आपण मावळकरांना शिकवायला नको. ‘चालू भाव दिला, फसवले कुठे?’ हे उत्तर कागदावर बरोबरच असते. माझाही हिशेब कागदावर बरोबर होता.

मी अजून पिशव्या चाळतो. छंद सुटलेला नाही आणि तो सोडावा असेही बुवांनी सांगितले नाही. द्वादशीला मात्र मोजायला बसताना भिंग घरी ठेवतो, आणि काही वेगळे हाताला लागले तर मोठ्याने सांगतो. देवघरातली ती जागा रिकामी आहे. तिथे गंध लावायला हात जातो आणि थांबतो.

तुमच्या व्यवहारात समोरच्याला न दिसलेली अशी एखादी खूण तुम्हाला दिसली असेल. ती तुम्ही त्याला सांगितली का, एवढे स्वतःला विचारा.

रामकृष्ण हरी.