पिवळ्या पट्ट्यातली तेजी

हिरव्या पट्ट्यातला एखादा गट पिवळ्यात, म्हणजे शेती विभागातून निवासी विभागात टाकण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला की त्याच्या समर्थनात एक वाक्य हमखास येते: शहराच्या अर्थकारणाला चालना मिळेल. चालना मिळते ती जमिनीच्या भावाला. भाव चढणे आणि हाताला काम मिळणे या दोन गोष्टी आपण एकच मानून चाललो आहोत. छोट्या शहरात तर पहिली दुसरीच्या आड येते.

इचलकरंजी पाहा. जहागिरीच्या या गावात 1904 साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी उद्योगांना आसरा दिला आणि गावाचे कापडनगर झाले. ही वाढ नकाशावर आधी रंगवलेल्या औद्योगिक पट्ट्यातून झालेली नाही. खाली माग, वर बिऱ्हाड, जवळच सायझिंग, टेम्पोतून येणारी सुताची बिमे अशी ती गल्लीबोळांतून झाली. खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा छोटा मागवाला, याच जवळिकीवर तगला. भांडवल बेताचे असलेल्या माणसाला स्वस्त आणि सोयीची जागा कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाची असते. यावर कुणी विचारेल, धोट्याच्या खटखटाटात झोपणाऱ्या शेजाऱ्याचे काय, पंचगंगेत जाणाऱ्या रंगीत पाण्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण मागाचा आवाज आणि प्रोसेसचे सांडपाणी हे एकाच मापाचे उपद्रव नव्हेत. कापड रंगवणारे कारखाने वस्तीपासून दूर, सामाईक सांडपाणी प्रकल्पाला जोडलेलेच हवेत; चार मागांना मात्र रात्रपाळीचे बंधन घालून वस्तीत राहू देता येते. दोन्हींसाठी परवडणारी जमीन लागते, आणि नेमकी तीच आधी प्लॉटिंगमध्ये जाते. मग वर्षानुवर्षे तिथे तारेचे कुंपण आणि मालकाच्या नावाची पाटी, एवढेच उभे असते.

याचे सगळे खापर नगरसेवकांच्या हव्यासावर फोडणे सोपे आहे (आणि काही वेळा बरोबरही). पण खोलवरचे कारण पालिकेच्या तिजोरीत आहे. जकात होती तोवर शहरात माल जितका येई तितकी पालिकेची कमाई होई. जकात वाईटच होती, पण तिच्यामुळे पालिकेला व्यापाराशी देणेघेणे होते. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली. तिच्या बदल्यातले अनुदान मुंबईत ठरते; पालिकेच्या हाती मुख्यतः घरपट्टी आणि बांधकाम परवान्याबरोबर येणारे विकास शुल्क उरले. कारखाना आला काय, गेला काय, तिजोरीला फरक पडतो तो बांधकामाने. त्यातच 1966 च्या नगररचना कायद्याचे कलम 127 आहे: आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण उठते. मोबदल्याला पैसा नसलेल्या पालिकेच्या हातून मंडई आणि ट्रकतळ अशा रीतीने निसटतात.

शेतकऱ्याने मात्र जन्मभर शेतीच करावी काय, हा आक्षेप जास्त बोचरा आहे. त्याला भाव मिळालाच पाहिजे. पण एकेक गट सुटा बदलताना मलई बहुधा आधीच विसार देऊन बसलेल्याच्या वाट्याला जाते. त्याच कायद्यातली नगररचना योजना सगळ्यांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून, प्रत्येकाला अंतिम भूखंड परत देते. गुजरातेतल्या शहरांनी ती सर्रास वापरली. तिच्यात मालकांचाही फायदा होतो आणि कामधंद्याला जागाही राखता येते. आपल्याकडे सोयीचे ठरते ते कलम 37. आराखड्याचे स्वरूप पालटणार नाही इतकाच बदल त्यात बसतो. एका गटाने ते पालटत नाहीच. वीस गटांनी शहराची एक अख्खी बाजू बदलते, पण वीसही वेळा कागदावर फेरबदल किरकोळच असतो. हरकतींना महिन्याभराची मुदत असते. खर्चीवाल्याला सूचना निघाल्याचा पत्ताही नसतो. येतो तो शेजारच्या गटाचा मालक, आणि त्याची हरकत एवढीच की माझाही गट पिवळा करा.