हंसाच्या पाठीवरचं मस्टर

आमच्या बँकेत मधेच बाहेर जाताना एका रजिस्टरात नोंद करावी लागते. 'कुठे?' या रकान्यात मी गेली वीस वर्षं 'वसुली' असं लिहीत आलो आहे. जातो चहाला. त्यामुळे पाठीवर यंत्र घेऊन उडणाऱ्या रानहंसांबद्दल वाचलं, तेव्हा माझी सहानुभूती साहजिकच हंसांकडे गेली.

पट्टकादंब हा तो पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे, वजन दोन-तीन किलो. उन्हाळ्यात मुक्काम मंगोलिया-तिबेटकडे, हिवाळ्यात आपल्याकडे. अगदी आमच्या जायकवाडीच्या पाण्यावरसुद्धा. मधे फक्त हिमालय! शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या पाठीवर उन्हावर चालणारी यंत्रं बांधली आणि उपग्रहाकडून त्यांचा ठावठिकाणा घेतला. एक पठ्ठ्या ७,२९० मीटर उंच गेल्याचं २०१३ साली जाहीर झालं. २०१५ साली त्याहून गंमत कळली. शस्त्रक्रिया करून पोटात बसवलेल्या यंत्रांनी हंसांच्या काळजाचे ठोके मोजले होते. उंची गाठली म्हणून हा पक्षी ती धरून बसत नाही. दरी आली की खाली उतरतो, डोंगर आला की पुन्हा चढतो. कारण विरळ हवेत पंख मारणं फार महाग पडतं. प्रमोशनच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे आधी कुणी का नाही सांगितलं?

पण सगळं काही कौतुकापोटी नव्हतं. २००५ साली चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत हे हंस पुष्कळ. मग हेच रोग घेऊन फिरतात की काय, हा संशयही यंत्राबरोबर त्यांच्या पाठीवर बसला. पाळत मायेची की संशयाची, हे यंत्राकडे बघून कळत नाही.

हे मला कळायला आमचे अण्णा लागले. एकदा ते संध्याकाळी फिरायला गेले ते साडेनऊपर्यंत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्यांच्या मोबाईलमध्ये सोय करून ठेवली, की ते कुठे आहेत ते माझ्या मोबाईलवर दिसावं. आठवडाभर रोज विठ्ठलमंदिर दिसत होतं. मी म्हटलं, वय झालं, देवाची ओढ लागली. आठव्या दिवशी सहज देवळात डोकावलो, तर मोबाईल पुजाऱ्याजवळ आणि अण्णा नदीकाठी!

"अण्णा, तुम्हाला कळलं होतं?"

"अरे, छत्तीस वर्षं तलाठी होतो मी. आपली मोजणी चाललीय हे कळणार नाही होय?" मग थोडं थांबून म्हणाले, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

हंसाला विचारता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ निदान यंत्राचं वजन त्याला पेलेल इतकंच ठेवतात. माझ्या यंत्राला वजनच नव्हतं, आणि अण्णांना विचारता येत होतं. तरी त्यांना ते जड झालं.

आता ते निघताना स्वतःच सांगतात, "नदीवर जातोय, आठला येतो." सव्वाआठ झाले की मी खिडकीत उभा राहतो. काळजी गेलेली नाही. पाळत तेवढी गेली.

परवा रजिस्टरात मी पहिल्यांदाच 'चहा' लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "एकटाच?"